बकरी ईद म्हणजे रोजे सोडायचा सण नव्हे

सकाळपासून आमच्या परभणीच्या ग्रुपवर मेसेज फिरायलाय: ‘महिनाभराचे रोजे संपले, बकरी ईद मुबारक.’ शुभेच्छा पोचल्या, पण ईद चुकली.

रोजे संपल्यावर येते ती रमजान ईद, इस्लामी कॅलेंडरातल्या शव्वाल महिन्याची 1 तारीख. शेजारून शीरखुर्म्याचा डबा येतो, वर चारोळ्या तरंगत असतात, ती. बकरी ईद त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, जिल्हिज महिन्याच्या 10 तारखेला, हजच्याच दिवसांत. हजरत इब्राहिम अल्लाहच्या हुकमावरून पोटच्या मुलाला कुर्बान करायला निघाले, त्याची ही आठवण. कुर्बानीच्या मटणाचे साधारण तीन वाटे करतात: घरचा, नातलग-शेजाऱ्यांचा, गोरगरिबांचा. कुर्बानीही ऐपत असेल त्यानंच करायची. कर्ज काढून करा असं कुणी सांगितलेलं नाही.

मेसेज पुढं ढकलण्याआधी एवढं दुरुस्त करा.