शवपेट्यांसारखी ती खोकी

लाकडी खोक्यांत ओळीने झोपलेली माणसं, असा व्हिक्टोरियन काळातल्या लंडनचा एक फोटो अधूनमधून फिरत असतो. खाली ठरलेला मजकूर: बघा, धर्माच्या नावाखाली गरिबांना जिवंतपणी शवपेटीत घालायचे. मला हा मजकूर सरळसरळ अन्यायाचा वाटतो.

ही खोकी मुक्तिफौजेच्या, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या, रात्रनिवाऱ्यांतली. 1887 च्या अखेरीस तिचे संस्थापक विल्यम बूथ यांनी लंडनच्या पुलावर कुडकुडत पडलेली माणसं पाहिली आणि मुलाला, ब्रॅमवेलला, काहीतरी करायला सांगितलं. 1888 मध्ये लाइमहाउस भागात, वेस्ट इंडिया डॉक रोडवर पहिला निवारा उघडला. जागा अचूक निवडली होती, कारण रोजंदारीवर जगणारे गोदी कामगार तिथेच होते.

सरकारी सोय नव्हती का? होती. पण वर्कहाउसच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आसऱ्याच्या, तात्पुरत्या मुक्कामाच्या वॉर्डाची अट बघा. 1882 च्या कायद्याने, आत गेलेल्या माणसाला साधारणपणे दोन रात्री थांबावं लागे आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला सुटका होई. मधल्या दिवशी खडी फोडायची, नाहीतर जुन्या दोरखंडाचे धागे पिंजायचे. म्हणजे बाहेर काम शोधायचा तो अख्खा दिवस गेला. आणि उघड्यावर झोपावं, तर 1824 च्या भटकेपणाविरुद्धच्या कायद्याखाली अटकेची भीती.

रात्रीला चार पेन्स भाड्याच्या खोक्याकडे या पार्श्वभूमीवर बघायला हवं. 1889 च्या संपानंतर गोदी कामगाराला तासाला सहा पेन्स मिळू लागले. त्या हिशेबाने हे भाडं तासाभराच्या मजुरीच्याही आत होतं. माणूस सकाळी मोकळा. खोक्याच्या कडांमुळे प्रत्येकाची जागा वेगळी राही. पांघरूण लोकरीचं न देता चामड्याचं किंवा मेणकापडाचं देत, कारण लोकरीत उवा-ढेकूण लपतात, चामडं-मेणकापड मात्र पुसून घेता येतं. ऊब कमी, हे खरंच. पण अशा ठिकाणी अंथरुणातून पसरणारी कीड हा किती मोठा प्रश्न असतो, हे निवारा चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

त्याच फोटोंसोबत 'दोन पेन्सचा दोर' बूथ यांच्या माथी मारतात. दोरावर रेलून झोपवणाऱ्या स्वस्त मुक्कामाच्या जागांचा उल्लेख डिकन्सच्या 'पिक्विक पेपर्स'मध्ये आहे. ती कादंबरी 1836-37 ची, तेव्हा बूथ जेमतेम सात-आठ वर्षांचे होते!

टीका करायचीच, तर निवाऱ्यातल्या संध्याकाळच्या प्रार्थनासभेवर करा. दमल्या-भुकेल्या माणसापुढे उपदेश मांडणं मलाही पटत नाही. दुसरी अडचण याहून मोठी: झोपायला जागा मिळते, गरिबीतून सुटका मिळत नाही. तीच माणसं रोज रात्री परत येतात. बूथ यांना हे कळलं होतं. 1890 च्या पुस्तकात त्यांनी तीन पायऱ्या मांडल्या: शहरात निवारा आणि काम, मग शेतीची वसाहत, मग परदेशी वसाहत. दुसऱ्या पायरीसाठी 1891 मध्ये एसेक्समधल्या हॅडलीला जमीन घेतली. तिथे भाजीपाला पिकवला, विटा पाडल्या. ते शेत आजही मुक्तिफौजेकडे आहे आणि तिथे अजूनही कामाचं प्रशिक्षण देतात. त्याचा फोटो मात्र कुणी फिरवत नाही.