‘रोज रात्री हिस्टरी उडवा’ सांगणाऱ्या मेसेजमध्ये काय काय चुकलंय

फोनवर फिरणाऱ्या एका मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: रोज झोपण्यापूर्वी ब्राउझरची हिस्टरी आणि कॅशे (साइट उघडताना फोनवर उतरवून ठेवलेली चित्रं आणि फायली) साफ करा, म्हणजे तुम्ही काय शोधलं, काय पाहिलं याचा मागमूस कुठेच उरत नाही, गूगलकडेसुद्धा नाही. जास्त काळजी वाटत असेल तर इन्कॉग्निटो (ब्राउझरचा हिस्टरी न ठेवणारा मोड) वापरा, मग इंटरनेट कंपनीलाही काही दिसत नाही. जाहिराती मागे लागत नाहीत, फोन वेगाने चालतो. हाताने करायचा कंटाळा असेल तर क्लीनर अ‍ॅप टाका. आणि फोन विकताना फॅक्टरी रीसेट केलं की काम झालं.

मेसेज लिहिणाऱ्याने हिस्टरी म्हणजे फोनमधली एकच यादी असं गृहीत धरलंय. प्रत्यक्षात एका सर्चची नोंद चार ठिकाणी पडू शकते: ब्राउझरमध्ये, तुमच्या खात्यात, ज्या साइटवर गेलात तिच्या सर्व्हरवर आणि ज्या नेटवर्कवरून गेलात त्याच्या लॉगमध्ये. ब्राउझरमधलं बटण फक्त पहिल्या ठिकाणी चालतं. खात्यातल्या नोंदीसाठी वेगळं बटण आहे. शेवटच्या दोन ठिकाणी तर ब्राउझरच्या कुठल्याच बटणाचा हात पोचत नाही.

‘हिस्टरी साफ केली की गूगलकडेही काही उरत नाही’

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. क्रोममध्ये तीन ठिपके, मग ‘डिलीट ब्राउझिंग डेटा’, असं केल्यावर जाते ती क्रोमची यादी. तीही पूर्ण जाईलच असं नाही. त्या खिडकीत वेळेची मर्यादा निवडावी लागते: शेवटची 15 मिनिटं, 1 तास, 24 तास, 7 दिवस, 4 आठवडे किंवा ‘ऑल टाइम’. आधीपासून निवडलेली मर्यादा न बघता बटण दाबलं, तर 15 मिनिटांपुरतंच पुसलं जाऊ शकतं आणि कालचं सगळं जागच्या जागी राहतं. शिवाय ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये हिस्टरी, कुकीज (साइट तुम्हाला ओळखण्यासाठी ठेवते त्या छोट्या फायली), कॅशे, सेव्ह केलेले पासवर्ड आणि फॉर्ममध्ये आपोआप भरली जाणारी माहिती यांना वेगवेगळ्या चौकटी आहेत. पासवर्डच्या चौकटीवर सवयीने टिक करणाऱ्यांना त्याची किंमत दुसऱ्या दिवशी कळते. सिंक (एकाच खात्यावरची सगळी उपकरणं जुळती ठेवणं) चालू असेल तर पासवर्ड बाकीच्या उपकरणांवरूनही जातात. हिस्टरीचंही तेच: फोनवर उडवलेली यादी लॅपटॉपवरच्या क्रोममधूनही नाहीशी होते.

गूगल खात्यातली नोंद ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ या नावाने वेगळी साठते. त्यात सर्च, मॅप्समध्ये शोधलेली ठिकाणं, प्ले स्टोअरमधला वावर येतो आणि तशी परवानगी दिली असेल तर क्रोमची हिस्टरीही. क्रोम कितीही साफ करा, ही नोंद हलत नाही. ती बघायची तर फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘गूगल’, तिथून ‘मॅनेज युअर गूगल अकाउंट’, मग ‘डेटा अँड प्रायव्हसी’ आणि त्यात ‘हिस्टरी सेटिंग्ज’. तिथे ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ उघडली की दोन गोष्टी करता येतात. ‘टर्न ऑफ’ केलं तर पुढची नोंद थांबते, पण जुनी तशीच राहते. जुनीही काढायची असेल तर ‘टर्न ऑफ अँड डिलीट अ‍ॅक्टिव्हिटी’ निवडावं लागतं. दुसरं म्हणजे ‘ऑटो-डिलीट’: 3, 18 किंवा 36 महिन्यांपेक्षा जुनं आपोआप जातं. जून 2020 नंतर उघडलेल्या खात्यांना 18 महिन्यांची मर्यादा आधीपासून लागू असते. त्याआधीच्या खात्यांना ती स्वतः लावावी लागते. आमचं मत विचाराल तर रोज रात्रीच्या साफसफाईपेक्षा इथे एकदा 3 महिने निवडून ठेवणं कितीतरी उपयोगाचं.

यूट्यूबची हिस्टरी त्याच पानावर पण वेगळ्या रकान्यात आहे, तिची मर्यादाही वेगळी लावावी लागते. मॅप्सची टाइमलाइन 2024 पासून खात्यातून फोनवर हलवली गेली, त्यामुळे ती ज्या त्या फोनवरच, मॅप्समध्ये आपल्या चित्रावर टॅप करून पुसायची.

फोनवर दोन खाती असतील तर कुठल्या खात्याचं पान उघडलंय ते वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावरून आधी बघून घ्या. ‘सगळं उडवलं तरी दिसतंय’ या तक्रारीमागे पुष्कळदा दुसरं खातं असतं, नाहीतर दुसरा ब्राउझर. काही फोनवर कंपनीचा ब्राउझर आणि क्रोम असे दोन्ही आधीपासून असतात. लिंक एकात उघडते आणि साफसफाई दुसऱ्यात होते. सोशल मीडियाच्या अ‍ॅपमध्ये टॅप केलेली लिंक बरेचदा त्या अ‍ॅपच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिच्या कुकीज तिथेच राहतात, क्रोमला त्यांचा पत्ताही नसतो.

खात्यातून पुसलेली नोंद तुम्हाला लगेच दिसेनाशी होते, पण सर्व्हरवरून पूर्ण जायला साधारण 2 महिने लागतात आणि बॅकअपमध्ये ती 6 महिन्यांपर्यंत राहू शकते, असं गूगलनेच लिहून ठेवलंय.

आयफोनवर सफारीचा रस्ता: सेटिंग्ज, ‘अ‍ॅप्स’, ‘सफारी’, ‘क्लिअर हिस्टरी अँड वेबसाइट डेटा’. आयओएस 18 च्या आधी ‘सफारी’ थेट सेटिंग्जमध्येच होतं. आयक्लाउडमध्ये सफारी चालू असेल तर त्याच खात्याच्या आयपॅड आणि मॅकवरूनही हिस्टरी जाते. बटण राखाडी दिसून दबतच नसेल तर एक तर पुसायला काही नाही, किंवा ‘स्क्रीन टाइम’मध्ये वेबसाइटवर निर्बंध लावलेला आहे. तो निर्बंध काढल्याशिवाय बटण चालू होत नाही. आणि सफारीत गूगलवर लॉगिन करून सर्च केला असेल, तर खात्याबद्दल वर सांगितलेलं सगळं आयफोनलाही तसंच लागू.

‘इन्कॉग्निटोमध्ये इंटरनेट कंपनीलाही दिसत नाही’

दिसतं. इन्कॉग्निटो उघडल्यावर येणाऱ्या पहिल्याच पानावर तसं लिहिलेलं असतं, फक्त ते कोणी वाचत नाही. या मोडचं काम एवढंच की टॅब बंद केल्यावर हिस्टरी, कुकीज आणि फॉर्ममध्ये भरलेलं काही फोनवर उरत नाही. डाउनलोड केलेली फाइल मात्र राहते, बुकमार्कही राहतो.

आजकाल जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर (फोन आणि साइटमधला मजकूर कुलूपबंद ठेवणारी पद्धत) असतात. त्यामुळे इंटरनेट कंपनीला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते सहसा कळतं, आत कोणतं पान वाचलं ते कळत नाही. हे साध्या टॅबला जसं लागू, तसंच इन्कॉग्निटोला. ऑफिसने दिलेल्या फोनची गोष्ट निराळी. त्यावर ऑफिसचं मॅनेजमेंट प्रोफाइल आणि सर्टिफिकेट (ऑफिसला फोनवर नियंत्रण देणाऱ्या फायली) टाकलेलं असेल तर पानातला मजकूरही वाचता येऊ शकतो. व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) वापरलं तर इंटरनेट कंपनीऐवजी व्हीपीएन कंपनीला दिसतं. भरवसा कोणावर ठेवायचा एवढंच बदलतं.

इन्कॉग्निटोत जाऊन खात्यात लॉगिन केलं तर खातं नेहमीसारखी नोंद ठेवतं. लॉगिन न करताही साइटला आयपी पत्ता (तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) दिसतोच. याच मुद्द्यावर 2020 मध्ये अमेरिकेत गूगलविरुद्ध दावा दाखल झाला. 2024 मध्ये समोर आलेल्या तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं, आणि त्या पहिल्या पानावरच्या मजकुरात गूगलचं स्वतःचं नावही आलं.

‘जाहिराती मागे लागत नाहीत’

ब्राउझरपुरतं थोडंफार खरं, कारण कुकीज गेल्या की साइटना तुम्ही नवे वाटता. पण अँड्रॉइडवर कुकीज उडवल्या तरी क्रोममधलं गूगल खातं लॉगआउट होत नाही, आणि अ‍ॅपमधल्या जाहिराती कुकीजवर चालतच नाहीत. त्या चालतात फोनच्या जाहिरात आयडीवर, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेल्या ओळख क्रमांकावर. अँड्रॉइड 12 आणि त्यापुढे सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या जागी ‘अ‍ॅड्स’ टाइप करा (फोनच्या कंपनीनुसार रस्ता बदलतो), आणि ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’ निवडा. त्यानंतर तो आयडी मागणाऱ्या अ‍ॅपला नुसती शून्यं मिळतात. आयफोनवर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधल्या ‘ट्रॅकिंग’मध्ये ‘अलाउ अ‍ॅप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक’ बंद करा. जाहिराती यानेही थांबणार नाहीत, तुमच्यावर बेतलेल्या कमी होतील.

‘कॅशे उडवली की फोन वेगवान होतो’

उलट दुसऱ्या दिवशी प्रत्येक साइट हळू उघडते, कारण आधी उतरवून ठेवलेली चित्रं आणि फायली पुन्हा उतरवाव्या लागतात. डेटाही जास्त जातो. फोनची जागा काठोकाठ भरली असेल तेव्हा कॅशे काढून फरक पडतो, एरवी नाही. जागा कमी पडली की अँड्रॉइड अ‍ॅप्सची कॅशे स्वतःहूनही काढतं.

कॅशे आणि कुकीज काढायची खरी वेळ म्हणजे एखादी साइट जुनंच पान दाखवतेय किंवा लॉगिन करूनही पुन्हा लॉगिनवरच आणून सोडतेय. तेव्हा सगळं उडवायची गरज नसते. क्रोममध्ये ती साइट उघडून पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टॅप करा, ‘कुकीज अँड साइट डेटा’मध्ये जा आणि फक्त त्या साइटचा डेटा डिलीट करा. आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, मग ‘वेबसाइट डेटा’, आणि साइटच्या नावावर बोट डावीकडे सरकवा.

अ‍ॅपच्या बाबतीत मात्र सावध. अँड्रॉइडवर अ‍ॅपच्या ‘स्टोरेज’ पानावर दोन बटणं शेजारी असतात: ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर स्टोरेज’, काही फोनवर ‘क्लिअर डेटा’. दुसरं दाबलं की अ‍ॅप नव्याने टाकल्यासारखं कोरं होतं. बॅकअप न घेतलेले चॅट जातात. ओटीपीचे कोड बनवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप सिंक न करता वापरत असाल, तर कोडही जातात आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक खात्याबाहेर तुम्ही अडकून बसता.

‘क्लीनर अ‍ॅप टाका’

नका टाकू. अँड्रॉइडवर आणि आयफोनवर प्रत्येक अ‍ॅपची साठवण त्याच्यापुरती बंदिस्त असते, एका अ‍ॅपला दुसऱ्याची हिस्टरी उघडता येत नाही. मग असं अ‍ॅप ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतं, तुमच्या जागी बटणं दाबता यावीत म्हणून. त्या परवानगीने स्क्रीनवरचं सगळं वाचताही येतं. खासगीपणासाठी टाकलेल्या अ‍ॅपला हे देणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट इथेच सांगतो, कारण हातात फोन आलेल्या माणसाला हिस्टरीच्या आधी तीच दिसते: कीबोर्डच्या सूचना. जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंग्जमध्ये ‘डिलीट लर्न्ड वर्ड्स अँड डेटा’ आहे, खात्री म्हणून तो एक आकडा टाइप करायला लावतो. आयफोनवर ‘जनरल’, ‘ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन’, ‘रीसेट’, ‘रीसेट कीबोर्ड डिक्शनरी’. यात तुम्ही शिकवलेली आडनावं आणि गावांची नावंही जातात, तेव्हा पुढचे काही दिवस चुकीच्या दुरुस्त्या सोसाव्या लागतील.

‘फॅक्टरी रीसेट केलं की काम झालं’

फोनच्या आतल्या डेटाबाबत हे खरं आहे. अँड्रॉइड 10 सह बाजारात आलेल्या नव्या फोनपासून एन्क्रिप्शन (डेटा किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात ठेवणं) सक्तीचं आहे. रीसेटमध्ये त्याची किल्ली नष्ट होते आणि उरलेला डेटा वाचता येत नाही. आयफोनवर ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हेच करतं.

चुका होतात त्या आजूबाजूला. मेमरी कार्ड रीसेटमध्ये पुसलं जाईल असं धरून चालू नका, ते आधी काढून घ्या. ई-सिम असेल तर रीसेटच्या वेळी ते ठेवायचं की काढायचं याचा पर्याय नीट वाचा. अँड्रॉइडवर गूगल खातं न काढता, बटणं दाबून रिकव्हरीतून (फोन नेहमीसारखा चालू न करता उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूतून) रीसेट केलं तर फोन चालू होताना तुमचंच खातं मागतो आणि घेणारा अडकतो. आयफोनवर ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद केलं नसेल तर तेच होतं. म्हणून क्रम असा ठेवा: बॅकअप, ऑथेंटिकेटरचे कोड नव्या फोनवर, मग खाती काढणं, मग रीसेट. सगळं झाल्यावर दुसऱ्या उपकरणावरून गूगल खात्यातलं ‘युअर डिव्हाइसेस’ उघडा आणि विकलेला फोन तिथे अजून लॉगिन दिसत असेल तर ‘साइन आउट’ करा.