रायफलची नळी घरी बदलण्याचा सल्ला जीवघेणा आहे

कोपरखैरण्याला राहणाऱ्या माझ्या मामांकडे पॉइंट ३१५ बोअरची परवानाधारक बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आहे. ‘स्वस्त बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलची झिजलेली नळी घरच्या घरी तासाभरात बदला’ हा सध्या सर्वत्र फिरणारा संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचला आणि त्यांनी मला ठाण्यातून मोठा पान्हा आणायला सांगितले, म्हणून हे लिहावे लागत आहे. संदेशातले दावे असे : नळी हा सुटा भाग असल्याने तिला परवाना लागत नाही, काडतूस घालून बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) बंद झाला की बसवणी बरोबर झाली, आणि नव्या नळीने नेम हमखास सुधारतो.

सर्वांत घातक दावा बोल्टचा आहे. बोल्टचा पुढचा पृष्ठभाग आणि काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, जिथे टेकते ती जागा, यांमधल्या अंतराला हेडस्पेस म्हणतात, आणि त्यात इंचाच्या काही सहस्रांशांचा फरकही महत्त्वाचा ठरतो. बोल्ट बंद झाला याचा अर्थ हे अंतर फार कमी नाही, एवढाच. ते फार जास्त आहे की नाही, हे त्यावरून मुळीच कळत नाही, आणि धोका तर जास्त असण्यातच आहे. गोळी सुटताना काडतुसाच्या पितळी आवरणाचा पुढचा भाग फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरून बसतो, मागचा भाग बोल्टकडे ढकलला जातो, आणि मध्ये मोकळी जागा असेल तर आवरण बुडाजवळ ताणले जाऊन फाटते. पॉइंट ३०-०६ सारख्या काडतुसात कमाल दाब चौरस इंचाला सुमारे ६०,००० पौंड असतो. तो वायू मागे फुटला तर समोर नेम धरणाऱ्याचा डोळा आणि गाल असतो. पहिल्या काही गोळ्या नीट सुटल्या, हाही पुरावा नव्हे. म्हणूनच कारागीर ‘गो’ आणि ‘नो-गो’ अशी दोन गेज (काडतुसाच्या जागी घालून अंतर तपासायची अचूक मापे) वापरतो : पहिल्यावर बोल्ट बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर होता कामा नये. संदेशात या गेजचा उल्लेखसुद्धा नाही, याचा मला संताप येतो.

परवान्याच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, पण ते अमेरिकेतले. तिथल्या १९६८ च्या संघीय कायद्यात बंदूक म्हणून नोंद होते ती रिसीव्हरची, म्हणजे बोल्ट आणि नळी ज्यात बसते त्या मूळ सांगाड्याची. नळी सहज विकत मिळते. शिवाय सॅव्हेज कंपनीच्या १९५८ पासूनच्या ११० मॉडेलमध्ये नळी एका नटाने आवळलेली असते, त्यामुळे गेज हाताशी असलेला जाणकार माणूस ती घरी बदलू शकतो, हे मान्य करावे लागेल. मामांची रायफल ली-एन्फिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या धाटणीची आहे. तिच्यात असा नट नाही, नळी थेट रिसीव्हरमध्ये आटे पाडून घट्ट बसवलेली असते.

आपल्याकडचा १९५९ चा शस्त्र अधिनियम तर अगदी स्पष्ट आहे. कलम २ मधील ‘शस्त्रे’ या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात, आणि कलम ५ प्रमाणे अग्निशस्त्राची निर्मिती, रूपांतर व दुरुस्ती यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ च्या उल्लंघनाला किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. नळी बाहेरून मागवायची म्हटले तर आयातीसाठी कलम १० चा परवाना वेगळाच. साफसफाई आणि तेलपाणी करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, पण नळी उतरवणे ही दुरुस्तीच आहे.

नेम सुधारण्याचे म्हणाल, तर तो बिघडण्यामागे पुष्कळदा नळीत साचलेला तांब्याचा थर किंवा लाकडी दस्त्याचे सैल झालेले स्क्रू असतात, आणि आधी तेच पाहायला हवे. नळी खरोखरच झिजली असेल, तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे ती दाखवावी आणि परवान्यातील नोंदीबाबत नवी मुंबई पोलिस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारावे. मामांना मी हेच सांगितले आहे. पान्हा मी आणणार नाही.