माईक बंद केला म्हणून जाहिराती बंद होत नाहीत भाऊ

आठ दिवसात दुकानात सात जण एकच तक्रार घेऊन आले, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचा मेसेज जात नाही, कॉल लावला की समोरचा नुसता हॅलो हॅलो करतो. सातही फोनमध्ये माईकची परमिशन बंद. कोणी केली म्हटलं तर प्रत्येकानं तोच फॉरवर्ड दाखवला. दारव्हा-दिग्रसकडच्या प्रत्येक ग्रुपवर तो फिरून राहिला आहे, तुमच्याकडेही आला असेल, नसेल तर थोडक्यात सांगतो: मोबाईल २४ तास आपलं बोलणं ऐकतो, सकाळी घरात फवारणीच्या पंपाचं नाव काढलं की दुपारी पंपाची जाहिरात येते, म्हणून माईक बंद करा, नेट इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खाजगी खिडकीत) वापरा, जाहिरातीवर टच करू नका कारण टच केलं तरच कंपनीला पैसे मिळतात, तशी खेड्यातल्या माणसाच्या माहितीची कोणाला गरज नाही पण काळजी घ्या, ११ जणांना पाठवा.

आता एकेक घेतो. मी काही इंजिनिअर नाही, ऑनलाइन फॉर्म भरायचं आणि रिचार्ज मारायचं दुकान आहे, पण दिवसाला तीस-चाळीस जणांचे फोन हातात येतात तर थोडंफार कळते.

पहिलं माईकचं. एक काकाजी आले, म्हणे "म्या कुठीच टाकलं नाई भाऊ, फक्त तोंडानं बोललो घरी, का यंदा बॅटरीचा पंप घ्या लागते, अन् तिसऱ्या दिवशी हे पाय जाहिरात." फोन घेऊन पाहिला तर त्याच फोनवर त्यांच्या पोट्ट्यानं आदल्या रात्री चार पंपांचे भाव पाहून ठेवले होते. हे नसतं तरी जुलै महिना, जिल्हा यवतमाळ, फोनची भाषा मराठी, दिवसभर पऱ्हाटीचे (कपाशीचे) व्हिडिओ, अशा माणसाला पंपाची जाहिरात दाखवायला त्याच्या घरात कान कशाला लावा लागते? आमच्या कृषी केंद्रवाल्यालाही हे तोंड पाहून कळते. आणि त्याच दिवशी काकाजींना पुण्यातल्या फ्लॅटची अन् केस उगवायच्या तेलाची जाहिरातही आली होती, काकाजींना टक्कल पण नाही, पण त्याचा फॉरवर्ड कोणी बनवत नाही. जुळलेली तेवढी लक्षात राहते.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी सतरा हजारावर अँड्रॉइड अ‍ॅप तपासले होते. चोरून आवाज रेकॉर्ड करून पाठवणारं एकही सापडलं नाही, पण काही अ‍ॅप स्क्रीनवर आपण काय करतो त्याचं चित्रण दुसऱ्या कंपनीला पाठवत होते, म्हणजे लोक माईकला चिकटपट्टी लावत बसले अन् चोरी खिडकीतून चालू होती. हिशोबही करून पाहा, अगदी हलक्या क्वालिटीत २४ तासाचा आवाज पाठवायचा तर दिवसाला पन्नास-शंभर एमबी तरी जाते, ते डेटाच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या नावापुढं दिसल्याशिवाय राहणार नाही, अन् आमच्याकडे तर एका कांडीच्या नेटवर्कवर सातबाऱ्याचा पीडीएफ जाता जात नाही. अँड्रॉइड १२ पासून पुढच्या फोनमध्ये माईक चालू झाला की वर कोपऱ्यात हिरवी खूण येते, तेवढं पाहत जा. नको त्या अ‍ॅपची माईक परमिशन काढली तर चांगलंच आहे, पण जाहिराती त्यानं थांबत नाहीत.

इन्कॉग्निटोचं लवकर आटपतो. त्यानं फक्त तुमच्या फोनमध्ये हिस्ट्री राहत नाही, म्हणजे घरच्यांपासून लपते. साइटवाल्याला अन् सिमवाल्या कंपनीला जे दिसायचं ते दिसतेच. यावरून गूगलवर २०२० मध्ये अमेरिकेत केस झाली होती, २०२४ मध्ये तडजोड झाली अन् जमा केलेल्या नोंदी पुसायचं कंपनीनं कबूल केलं. नोंदी होत्या म्हणूनच तर पुसायच्या ठरल्या ना.

आता टचवाली गोष्ट, खरी मेख इथं आहे. यात थोडं खरं आहे, यूट्यूबची जी जाहिरात पाच सेकंदांनी स्किप करता येते तिथं तुम्ही लगेच स्किप केली तर जाहिरातवाल्याचे पैसे साधारण लागत नाहीत, तीस सेकंद पाहिली, किंवा छोटी असेल तर पूर्ण पाहिली, किंवा टच केलं, तर लागतात. पण बाकी पुष्कळ जाहिराती नुसत्या दिसण्यावर चालतात, हजार वेळा दिसली की इतके रुपये, तुमचं बोट लागो न लागो. म्हणजे विकायचा माल टच नाही, तुमचा डोळा स्क्रीनवर किती वेळ राहिला तो आहे. अन् ज्या धंद्यात वेळच माल आहे तिथं तुमचं काम दोन मिनिटात झालेलं कोणाला परवडते?

यूट्यूबवर व्हिडिओ आठ मिनिटांचा किंवा मोठा असला तरच मध्ये मध्ये जाहिरात टाकता येते. २०२० च्या आधी हे दहा मिनिटं होतं. हे माहीत झाल्यावर गुलाबी बोंडअळीवरचा कोणताही व्हिडिओ उघडून पाहा. "नमस्कार कास्तकार बांधवांनो", मग चॅनल सबस्क्राइब करा, मग मागच्या व्हिडिओला किती प्रेम दिलं, मग बोंडअळी म्हणजे काय (जसं आम्हाला माहीत नाही), मग "व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा नाहीतर नुकसान होईल", अन् पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली टाकायचं ते येते सातव्या मिनिटाला. माणूस वावरात पाठीवर पंप घेऊन उभा आहे राजेहो. तो पुढं ढकलत ढकलत पाहतो अन् अर्धवट ऐकून प्रमाण टाकतो. माझी यात चिडचिड होते कारण २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली, औषधाचं प्रमाण ही काही शेवटच्या मिनिटापर्यंत दाबून ठेवायची गोष्ट नाही. व्हिडिओ बनवणाऱ्या पोट्ट्यालाही मी पूर्ण दोष देत नाही, जाहिरातीच्या पैशातला ५५ टक्के हिस्सा त्याला मिळतो, त्यात ते पैसे चालू व्हायलाच हजार सबस्क्राइबर अन् लोकांनी चार हजार तास व्हिडिओ पाहिल्याची अट, तो ताणणारच.

बातम्यांचंही तेच. लाल बाण, रडणारा शेतकरी, "कर्जमाफी झाली?" अन् शेवटी ते प्रश्नचिन्ह. आत काहीच नसते. आमच्या पारावरचे बुढे आता बातमी वाचत नाहीत, नुसते फोटोवरचे मथळे पाहून भांडतात, अन् दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येतात, "कर्जमाफीचा फॉर्म भरून दे बेटा." कोणता फॉर्म?

आणि तो फॉरवर्ड, त्याच्या खाली "पूर्ण माहितीसाठी" म्हणून एका व्हिडिओची लिंक आहे. लांबी आठ मिनिटं बारा सेकंद. मध्ये दोन जाहिराती.

खेड्यातल्या माणसाच्या माहितीची गरज नाही म्हणे. बाजार समितीत सोयाबीनचा हर्रास पाहिला ना, ढिगाऱ्याभोवती व्यापारी उभे राहतात अन् बोली लागते. इथं ढिगारा म्हणजे आपण. पान उघडतं तेवढ्या वेळात, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, जाहिरातवाल्यांची बोली लागून मोकळी होते. ठरावीक जिल्हा घ्या, गावाभोवतीचे इतके किलोमीटर घ्या, वय घ्या, भाषा घ्या, सगळं निवडता येते. बियाणंवाल्याला मुंबईचा साहेब कशाला पाहिजे, त्याला आमचाच माणूस पाहिजे, तोही जूनच्या पहिल्या आठवड्यात, हाती पैसा नसताना, अन् कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तर त्याहून जास्त पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर अन् त्यांच्या जाहिरातींवर बंदीचा कायदा आला, त्याच्या आधी रमीच्या जाहिराती आमच्या पोट्ट्यांना इतक्या येत होत्या की सालदारी करणारा गडी पण पत्त्यांचं अ‍ॅप घेऊन बसायचा. हां, अमेरिकेतल्या माणसापेक्षा आपल्या ढिगाऱ्याला भाव लय कमी आहे हे खरं. म्हणून तेवढ्याच पैशासाठी आपल्याला जास्त वेळ बसवून ठेवा लागते.

२०१६ मध्ये जिओ आलं तेव्हापासून नेट म्हणजे फुकटातली गोष्ट अशी एक समजूत झाली. गूगलच्या मूळ कंपनीची साधारण तीन चतुर्थांश कमाई अन् फेसबुकवाल्यांची जवळपास सगळीच जाहिरातीतून येते. २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसच्या पानावरही जाहिराती आल्या. तिथं पण मेसेज वाचले जात नाहीत बरं का, ते फक्त पाठवणाऱ्याला अन् घेणाऱ्याला उघडतात, दाखवतात ते ठिकाण अन् कोणते चॅनल पाहता यावरून.

करायचंच असेल तर सेटिंगमध्ये गूगल, त्यात जाहिराती, तिथं जाहिरात आयडी (ज्या नंबरावरून जाहिरातवाले तुमचा फोन ओळखतात तो) डिलीट करा. कोणत्या अ‍ॅपला लोकेशन दिलं ते पाहा, टॉर्चच्या अ‍ॅपला आपलं वावर कुठं आहे ते कशाला? अन् सर्च केल्यावर सगळ्यात वरच्या उत्तरावर बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलं आहे का ते पाहा. माझ्या मावसभावाचा पंप बिघडला, त्यानं कंपनीचा नंबर सर्च केला, सगळ्यात वर जो आला तो लावला. समोरच्यानं गोड हिंदीत एक एपीके (प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायची अ‍ॅपची फाईल) टाकायला लावली अन् खात्यातून ८,४०० गेले. १९३० ला (ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर) फोन लावला तोवर दोन दिवस झाले होते. त्याच्या माईकची परमिशन तेव्हा बंदच होती.

बाकी ज्यांचा आवाज जात नाही त्यांनी फोन घेऊन या, परमिशन चालू करून द्यायचे मी पैसे घेत नाही. संध्याकाळी सातपर्यंत आहे दुकानात, लाइन असली तर.