शिक्षा बोलणारीला, सांगत फिरणारीला नाही

गुरुवारच्या भगिनी सभेत यापुढे साक्ष द्यायची नाही, म्हणजे उभं राहून आपला अनुभव सांगायचा नाही, फक्त गीतं, वचन आणि प्रार्थना, असा ठराव नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीपुढे आलाय. कारण असं की एका भगिनीनं सभेत उभं राहून सांगितलं, कामाच्या ठिकाणच्या एका माणसाकडे माझं मन ओढ घेतंय. घडलेलं काही नाही, पण रात्र रात्र झोप नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि दिवेलागणीच्या आत गोष्ट तिच्या सासूच्या कानावर गेली. रविवारी उपासनेला लोक जमले तेव्हा तिच्या तोंडी नसलेल्या चार गोष्टीही तिला चिकटल्या होत्या.

आता दोन तट पडलेत. एक म्हणतो, तिला प्रभुभोजनापासून, म्हणजे उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीपासून, थांबवा. दुसरा स्वतःला मवाळ समजतो. त्याचं म्हणणं, झालं ते झालं, पण बायांनी असलं बोलूच नये, मंडळीची अब्रू जाते. मला राग येतो तो या दुसऱ्या तटाचा. पहिल्याचा कठोरपणा सगळ्यांना दिसतो. दुसऱ्याच्या मागे मात्र चांगली माणसं जातात. माझी सख्खी आत्याही त्यातच आहे.

जिनं ही बातमी सासूपर्यंत नेली, तिच्याबद्दल ठरावात एक ओळ नाही. एका वडीलजनांनी पौलाचं तीमथ्याला पहिलं पत्र काढून घरोघर फिरून वटवट करणाऱ्या बायांचं वचन वाचून दाखवलं म्हणे. वचन खरंच आहे, पण लावलं भलत्याच बाईला. घरोघर कोण फिरलं? पातकं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, हे याकोबाच्या पत्रातलं वचन साक्ष देणाऱ्या भगिनीनं पाळलं, आणि जाब तिलाच विचारला जातोय.

2018 मध्ये केरळात हेच झालं होतं. ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही पाद्र्यांनी एका विवाहितेनं पाद्र्यापुढे दिलेली पापांची कबुली हत्यारासारखी वापरून तिचं शोषण केल्याचा आरोप झाला, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगानं कबुलीची प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. चर्चेस खवळली, आमच्या मंडळीतही लोक खवळले होते. धर्मात ढवळाढवळ नको म्हणाले. तीच माणसं आज आपल्या सभेत तोच उपाय करायला निघालीत, हे कुणाच्या ध्यानात कसं येत नाही?

आणि आपण तर केडगावचे शेजारी. 1905 च्या जूनमध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे श्रद्धेची मोठी जागृती, झालं, तेव्हा शेकडो मुलीबायका रडत, मोठ्यानं आपली पापं कबूल करत प्रार्थना करत होत्या. दुष्काळानं, वैधव्यानं, घरच्यांनी टाकलेल्या बाया होत्या त्या. अब्रूच्या नावाखाली त्यांना गप्प करणं सोपं होतं. रमाबाईंनी केलं नाही. दरवर्षी त्यांच्या नावानं आपण भाषणं करतो, म्हणून हे लिहावं लागतंय.

इथं इंग्लंडात लेस्टरला मी ज्या चर्चला जाते तिथं पोर्चमध्ये फूड बँकेच्या क्रेटशेजारी सेफगार्डिंग ऑफिसरचा, म्हणजे अत्याचाराची तक्रार ऐकणाऱ्या माणसाचा, फोटो आणि फोन नंबर लावलेला असतो. व्हिकर, म्हणजे तिथली पाळक, बाई आहे. तिच्याजवळ कुणी कबुली दिली तर ती बाहेर फोडायला तिला बंदी आहे, आणि तो नियम 1603 सालचा आहे. बोलणाऱ्यावर बंधन नाही, ऐकणाऱ्यावर आहे. एवढीच साधी गोष्ट मी आत्याला फोनवर सांगितली.

आत्या म्हणाली, "तुम्ही तिकडं बसून आम्हाला शिकवू नका. तुमच्या आर्चबिशपला का घरी जावं लागलं गं?"

तिचं खरं आहे. जॉन स्माइथ नावाच्या वकिलानं मुलांवर केलेल्या अत्याचारांची माहिती 2013 मध्ये मिळूनही पुरेसा पाठपुरावा झाला नाही, म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बींना राजीनामा जाहीर करावा लागला. पण अहवाल छापला गेला आणि सगळ्यात वरच्या माणसाला खुर्ची सोडावी लागली. त्या जागी नेमणूक झाली सारा मुलाली यांची, माझ्याच पेशातल्या, इंग्लंडच्या माजी मुख्य नर्स. आपल्याकडे बातमी नेणाऱ्या बाईला कुणी साधं बोलवून विचारलंसुद्धा नाही. मी आत्याला हे ऐकवलं. तिनं फोन पप्पांकडे दिला.

आत्याला सांगितलं नाही ते इथं लिहिते. माझ्या चर्चमध्ये कुणी कुणाची गोष्ट बाहेर नेत नाही, कारण कुणी कुणाला गोष्टच विचारत नाही. "ऑल राइट?" "ऑल राइट." मग कॉफी, आणि आपापल्या गाडीकडे. रविवारच्या शिफ्टला दर जास्त मिळतो, म्हणून मी सलग कितीतरी रविवार ड्यूटी घेते, आणि माझी जागा रिकामी असल्याचं कुणी बोलून दाखवत नाही. गावात एक रविवार चुकला की सोमवारी पाळकबाई डबा घेऊन दारात. "काय गं, बरं नाही का?" म्हणत त्यांची नजर घरभर फिरायची, भिंतीवरच्या कॅलेंडरपासून चुलीपर्यंत. मी नर्सिंगला मिरजेला गेले आणि पुढं इकडं आले, तेव्हा पगाराइतकंच मला त्या नजरेतून सुटायचं होतं. सुटले. कुणी न ओळखण्यात सुख आहे आणि मला ते आवडतं. माझा मोह म्हणाल तर तोच. त्या भगिनीचा मोह निदान तिला झोपू देत नव्हता, माझा मला छान झोपवतो. इंग्रजीत मी नीट प्रार्थना करते, सगळे शब्द जागेवर येतात, पण रडू येत नाही. गुरुवारी चटईवर मावश्यांच्या गराड्यात गुडघे टेकले की आपसूक यायचं.

म्हणूनच ती सभा मुकी झालेली मला चालणार नाही. लेस्टरसारखं सभ्य अंतर मला गावात नकोय. त्या बाया एकमेकींच्या घरात शिरतात, आजारपणात रात्र जागतात, मयतीला पहिल्या पोचतात. त्यांनाच फक्त ऐकलेलं पोटात ठेवायला शिकवायचंय. कमिटीला ठराव करायचाच असेल तर असा करा: सभेतली साक्ष जी बाहेर नेईल तिनं त्या बहिणीच्या घरी जाऊन माफी मागावी, पाळकसाहेबांसमोर. आणि प्रभुभोजनापासून कुणाला थांबवायचंच असेल तर कुणाला, हे त्यानंतर ठरवा.

नाताळला मी घरी येतेय. तोवर साक्षीची वेळ काढून टाकली नसेल, तर त्या भगिनीशेजारी बसून पहिली साक्ष मी देणार आहे. आत्याला कळवलंय.