बाळंतपणाची बॅग आणि विमानातलं कार्ड

लेकीच्या बाळंतपणासाठी ऑस्ट्रेलियाला निघालेल्या आईला आपल्याकडे हमखास मिळणारा एक सल्ला आहे: "विमानात कार्ड देतात, त्यावर सगळीकडे 'नो'वर खूण करायची. म्हणजे कुणी अडवत नाही." हे कार्ड म्हणजे देशात प्रवेश करताना भरून द्यायचा सरकारी फॉर्म, सोबत खाण्याच्या वस्तू, बिया वगैरे आहेत का, असे प्रश्न त्यावर असतात. नातेवाईक सांगतात, आधी जाऊन आलेले सांगतात, तिकीट काढून देणारेही सांगतात. माझ्या ओळखीतल्या एका काकूंना तर त्यांच्या एजंटने उत्तरं भरलेला नमुनाच हातात दिला होता, सगळीकडे 'नो'. हा सल्ला साफ चुकीचा आहे आणि त्याची किंमत फार मोठी असू शकते.

मी मेलबर्नला राहते. इथे येणाऱ्या बऱ्याच आई-बाबांचे अर्ज आणि बॅगेच्या याद्या माझ्या डोळ्यांखालून गेल्या आहेत. पोस्ट लांब आहे, पण यंदा ज्यांच्या घरी कुणी येणार आहे त्यांनी वेळ काढून वाचा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. आई-बाबा सहसा सबक्लास ६०० या व्हिजिटर व्हिसावर येतात. पासपोर्टवर स्टिकर लागत नाही, व्हिसा पासपोर्ट नंबरला जोडलेला असतो आणि मंजुरीचं पत्र ईमेलने येतं. ते पत्र कुणी वाचत नाही, ही माझी पहिली तक्रार. एका फेरीत किती महिने राहता येईल, हे त्यातच लिहिलेलं असतं. ८५०३ ही अट असेल तर, अगदी मोजके अपवाद सोडले, इथे राहून दुसऱ्या व्हिसासाठी अर्ज करता येत नाही. "तिकडे गेल्यावर वाढवून घेऊ" असं म्हणणाऱ्यांनी आधी हा आकडा शोधावा. वय ७५ किंवा त्यापुढे असेल तर वैद्यकीय तपासणी लागते, तिला वेळ लागतो, तेव्हा अर्ज लवकर करा. अटीत असो वा नसो, आरोग्य विमा घ्याच. इथे एक रात्र हॉस्पिटलात काढावी लागली तर येणारं बिल रुपयांत मोजवत नाही.

आता बॅग. बाळंतपणाला निघालेल्या आईच्या बॅगेत काय असतं ते आपल्याला पाठ आहे. डिंक, खारीक, खोबरं, अळीव, मेथ्या, ओवा, बाळंतशोपा, सुंठ, वेखंड. साजूक तुपातले लाडू. बाळाच्या अंगाला लावायला डाळीचं पीठ. शेजारणीने दिलेले पेढे. मग उरलेल्या जागेत तूरडाळ, धणे, जिरे आणि ब्याडगी मिरच्या, कारण "तिथल्या मिरचीला रंग येत नाही". या बॅगेत माया असते, त्याबद्दल मला अवाक्षरही वाईट बोलायचं नाही. पण ऑस्ट्रेलियाच्या नियमांच्या नजरेने पाहिलं तर त्यातली निम्मी बॅग म्हणजे बी-बियाणं आणि दूध.

डाळी-मसाल्यांचं कारण आपल्या शेतकऱ्यांना लगेच कळेल. साठवलेल्या गव्हात, डाळीत पडणारा खापरा भुंगेरा आठवतो? त्याचं मूळ भारतीय उपखंडातलंच मानतात. त्याच्या अळ्या फटीत दडून अन्नाशिवाय वर्षानुवर्षं जगतात आणि धुरी देऊनही सहजी मरत नाहीत. ऑस्ट्रेलिया गहू आणि हरभरा जगभर विकते. हा किडा तिथे रुजला तर बाजारपेठाच बंद होतील. २०२० मध्ये बाहेरून आलेल्या फ्रिजच्या आणि बाळाच्या उंच खुर्चीच्या खोक्यांतही तो सापडला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून प्रवाशांनी सोबत आणलेल्या तांदूळ, गहू, हरभरा, मूग, मसूर, तूर, शेंगदाणे, धणे, जिरे, बडीशेप, सुक्या मिरच्या अशा मालावर बंदी आली, आणि ती फक्त भारतासाठी नाही, सगळ्या देशांसाठी आहे. कारखान्यात भाजून, तळून किंवा शिजवून पाकीटबंद केलेल्या पदार्थांना सवलत आहे. घरच्या डब्यातल्या धण्यांना नाही. हे धणे, ही डाळ सिडनीच्या हॅरिस पार्कमध्ये किंवा इथे डँडेनाँगमध्ये कुठल्याही भारतीय दुकानात मिळते. तिच्यासाठी बॅगेतले पाच किलो खर्ची घालायचं काहीच कारण नाही.

पेढ्यांचं कारण वेगळं आहे आणि ते मला जास्त जवळचं आहे. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, घरी गुरं. लाळ्या-खुरकूत मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलाय. तोंडातून लाळेच्या तारा, जिभेवर फोड, खुरांत जखमा, गाय चारा पाहते पण खाऊ शकत नाही. दूध आटतं. वासरं तर अचानक जातात. आपल्याकडे हा रोग अजून आहे, सरकार २०१९ पासून देशभर मोहीम काढून मोफत लस देतं आहे. ऑस्ट्रेलियात तो १८७२ नंतर झालेला नाही. त्याचा विषाणू मांसात, दुधाच्या पदार्थांत, बुटाला चिकटलेल्या चिखलातसुद्धा टिकतो. ब्रिटनमध्ये २००१ साली ही साथ आली, तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. सुरुवात कुठून झाली, तर नॉर्दम्बरलँडमधल्या एका डुकरांच्या गोठ्यातून, न उकळता घातलेल्या खरकट्यातून, असा तपासाचा निष्कर्ष होता. म्हणजे कुणीतरी बाहेरून आणलेला मांसाचा तुकडा पुरतो.

म्हणून कार्डावर आणखी एक प्रश्न असतो: गेल्या तीस दिवसांत शेतात, जनावरांच्या संपर्कात, रानावनात किंवा नदी-तळ्यात गेला होतात का? सासरे निघण्याच्या आदल्या आठवड्यात गावी जाऊन आले असतील, गोठ्यात उभे राहिले असतील, तर उत्तर 'हो' आहे. त्याने काही बिघडत नाही. चपला-बूट दाखवायला सांगतात, माती असेल तर साफ करतात. निघण्यापूर्वी आपणच तळ घासून धुतले तर पाच मिनिटांत सुटका.

"एवढं काय, त्यांचा देश एवढा मोठा" असं म्हणणाऱ्यांना मला काँग्रेस गवताची आठवण करून द्यायची आहे. पुण्यात १९५०च्या दशकात त्याची पहिली नोंद झाली. बाहेरून आलेल्या धान्यासोबत बी आलं, असं मानलं जातं. आज महाराष्ट्रात ते नसलेला बांध दाखवा. मक्यावरची लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या शेतातही पोहोचली. फवारणीच्या खर्चाने रडकुंडीला आलेला शेतकरी मी पाहिलाय. आपल्याकडे अशी तपासणी वेळीच आणि कडक झाली असती तर किती बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं. ऑस्ट्रेलियालाही ठेच खाऊनच अक्कल आली आहे. १८५९ मध्ये शिकारीसाठी सोडलेले दोन डझन ससे पुढे खंडभर पसरले, आणि १९३५ मध्ये उसावरचे भुंगेरे खायला आणलेले बेडूक आजही उत्तरेकडून पुढे सरकत आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येते. पेढा आणणं हा गुन्हा नाही. पेढा आहे हे न सांगणं हा गुन्हा आहे. सगळी भीती या एका फरकापाशी संपते, आणि नेमका तोच आपल्याला कुणी समजावून सांगत नाही. कार्डावर 'येस' केलंत, वस्तू दाखवलीत आणि ती चालत नसली, तर ती काढून घेतात. दंड नाही, नोंद नाही, ओरडा नाही. चालत असेल तर परत हातात देतात. काही वस्तूंवर प्रक्रिया करून घेता येते, त्याचा खर्च आपला. 'नो' केलंत आणि एक्स-रेमध्ये किंवा श्वानाच्या नाकाला सापडलं, तर मात्र तुम्ही सरकारी कागदावर सही करून खोटं बोललेले असता.

२०१५ मध्ये हॉलिवूडचे कलाकार जॉनी डेप आणि अँबर हर्ड यांनी दोन कुत्री न सांगता ऑस्ट्रेलियात आणली, ते प्रकरण आठवत असेल. कुत्री बेकायदा आणल्याचे आरोप शेवटी मागे घेतले गेले. २०१६ मध्ये कोर्टात हर्डने कबूल केला तो गुन्हा होता प्रवेशाच्या कार्डावर खोटी माहिती दिल्याचा. २०२२ मध्ये बालीहून डार्विनला आलेल्या एका प्रवाशाच्या बॅगेत न सांगितलेले मॅकडोनाल्ड्सचे दोन मॅकमफिन आणि एक क्रोसाँ सापडलं, दंड झाला २,६६४ ऑस्ट्रेलियन डॉलर. २०२३ मध्ये न्यूझीलंडहून ब्रिस्बेनला आलेल्या ७७ वर्षांच्या एक बाई बॅगेतलं सीलबंद चिकन सँडविच विसरल्या, त्यांना ३,३०० डॉलर भरावे लागले. वयाकडे पाहून सूट मिळाली नाही. हे मला कठोर वाटतं, स्पष्टच सांगते. विसरणं आणि लपवणं यात फरक करायला हवा. पण नियम आज असा आहे, आणि आपले आई-बाबा त्याच वयाचे आहेत.

दंडापेक्षाही मोठी गोष्ट व्हिसाची. एप्रिल २०१९ पासून अशा गुन्ह्यासाठी व्हिजिटर व्हिसा विमानतळावरच रद्द करता येतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हिएतनामहून सिडनीला आलेल्या एका बाईंच्या सामानात कच्चं डुकराचं मांस, अंडी वगैरे मिळून दहा किलोंहून जास्त अन्न सापडलं. त्यांना परत पाठवलं आणि तीन वर्षं प्रवेशबंदी झाली. आता विचार करा, लेकीचे दिवस भरत आलेत आणि आई विमानतळावरूनच परत. बॅगेतला कुठलाही लाडू एवढ्या किमतीचा नाही.

औषधांबद्दल स्वतंत्र सांगायलाच हवं. बीपी-शुगरच्या गोळ्या स्ट्रिप कापून, वारांच्या डबीत भरून आणायची आपल्याकडे पद्धत आहे. तसं आणू नका. मूळ पाकीट, सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरता साठा. मुक्काम सहा महिन्यांचा असेल तर पुढच्या औषधांसाठी इथल्या डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवा, त्यांनी लिहून दिल्याशिवाय मागवणंही कठीण जातं. आयुर्वेदिक काढे, भस्मं, कल्प यांसाठीही कार्डावर 'येस'च. बिनलेबलची पुडी असेल तर ती हातून जाईल असं धरूनच चाला.

बाकीचे नियम सोपे आहेत. माणशी ९०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंवर कर नाही, दारू सव्वादोन लिटरपर्यंत. रोख रक्कम १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर सांगायची. आणायला मनाई नाही, फक्त सांगायचं.

आणि हो, देशागणिक यादी बदलते. ऑस्ट्रेलियात तूरडाळ चालत नाही, तर दुबईत खसखस. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात बसते, म्हणजे अनारसे आणि घरचा गोडा मसाला दोन्ही अडचणीत. एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशासाठी वापरू नका.

माझा राग आई-बाबांवर अजिबात नाही. कार्ड बहुतेकदा इंग्रजीत असतं, ते उतरायच्या थोडं आधी हातात येतं, चष्मा वरच्या कप्प्यात, रात्रभर झोप नाही, आणि समोर गणवेशातला माणूस. अशा वेळी 'नो' लिहावंसं वाटणं स्वाभाविक आहे. काही मार्गांवर आता हेच प्रश्न फोनवर भरून घ्यायला लागलेत, ते तर त्यांना आणखीच अवघड. राग आहे तो चुकीचं शिकवणाऱ्यांवर, आणि थोडा आपल्यावर, मुलांवर. तिकीट आपण काढतो, व्हीलचेअर आपण सांगून ठेवतो, आणि कार्डाचं मात्र "बघतील विमानात".

निघायच्या आठवडाभर आधी व्हिडिओ कॉल करून बॅगेतली एकेक वस्तू विचारा. जे चालणार नाही ते का चालणार नाही, हे कारणासकट सांगा. लाळ्या-खुरकूत म्हटलं की गावाकडची माणसं लगेच समजतात. राहील त्याची इंग्रजीत यादी करून बॅगेत सगळ्यात वर ठेवायला सांगा. अधिकाऱ्याला फक्त ती दाखवायची, बोलावं लागत नाही. कार्डाचा नमुना आधी छापून त्यांच्याकडून एकदा भरून घ्या, खाण्याच्या, बियांच्या आणि शेताच्या प्रश्नांपुढे 'येस' कुठे करायचं ते दाखवा. खाण्याच्या सगळ्या वस्तू एकाच बॅगेत ठेवल्या तर उघडायला एकच लागते. विमानात मिळालेलं फळ, सँडविच विमानातच सोडायचं, हेही सांगा.

आणि डिंकाचे लाडू आईने इथे येऊन वळावेत. डिंक, खारीक, तूप, गूळ सगळं इथे मिळतं, स्वयंपाकघर लेकीचं आहे, आणि गरोदर लेकीला शेजारी बसून ते शिकताही येतील.

कुणाचे आई-बाबा येत्या महिन्यांत येणार असतील तर वस्तूंची यादी खाली लिहा. मला जे नक्की माहीत आहे ते सांगेन, बाकीचं ऑस्ट्रेलियाच्या कृषी खात्याच्या संकेतस्थळावर कुठे पाहायचं ते दाखवेन. आणि इथल्या महाराष्ट्र मंडळांना विनंती, वर्षातून एकदा यावर तासभराचं मराठी सत्र ऑनलाइन घ्या, म्हणजे भारतातल्या आई-बाबांनाही घरी बसून ऐकता येईल. माहिती तयार करायला मी मदत करेन.