‘एक जुना पैलवान’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार पैलवान,

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका शेडमध्ये जिम चालते, तिथं खेळाडू कशी मेहनत करतात यावर मी लिहिलं होतं. त्याखाली ‘एक जुना पैलवान’ या सहीनं तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. ट्रॅक्टरचे टायर उलटवणं, त्यावर घण मारणं, वजन लादलेला लोखंडी सांगाडा ढकलत नेणं हे सगळं परदेशी खूळ आहे. असल्या मेहनतीनं तुमच्या ओळखीतल्या एका पोराची मूत्रपिंडं बिघडली. तिथली फी गरिबाच्या आवाक्यातली नाही. आणि शेवटी, ‘तालमीची माती जिच्या अंगाला कधी लागली नाही, तिनं कोल्हापूरच्या पोरांना मेहनत शिकवू नये.’

फीबद्दल तुमचं बरोबर आहे. ती जास्त आहे.

आता शेवटचं वाक्य. बाकीच्या मुद्द्यांवर तुम्ही एकेक ओळ लिहिलीत आणि सगळा राग इथं काढलात, म्हणून मीही आधी इथंच बोलणार.

माझे वडील पैलवान होते, आजोबाही. भाऊ पहाटे चारला तालमीत जायचा. त्याच्याआधी आई आणि मी उठायचो, कारण रात्री भिजवलेले बदाम सोलून, खसखस, बडीशेप, मिरी घालून पाट्यावर वाटायला वेळ लागतो. त्याचा लंगोट मी धुतलाय, त्याच्या तुपाचा डबा मी पोचवलाय. डबा उंबऱ्याशी ठेवायचा आणि मागं फिरायचं, असा नियम होता. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली हौद्यातली माती मी रोज दारातून बघायची. घरी आले की परसात जोर मारायची, सपाट्या मारायची, भावाचं बघून बघून. वडिलांनी हे पाहिलं आणि एकदा वस्तादांना विचारलं की पोरीला एका कोपऱ्यात मेहनत करू द्याल का. वस्ताद म्हणाले, माती बाटेल. वडील घरी येऊन कुणाशी बोलले नाहीत.

तर हो, माती माझ्या अंगाला लागली नाही. ती लागू दिली नाही. ज्यांनी लागू दिली नाही त्यांनीच पुढं तिचा दाखला मागायचा, हा कुठला न्याय? तुम्ही स्वतःला जुने म्हणवता, म्हणजे त्या काळात हौद्यात असणार. तेव्हा तुमच्या तालमीत किती मुली होत्या ते आधी सांगा. महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली २००४ साली, अथेन्सला. आज मुरगूडला मुली शड्डू ठोकतात, त्यांना बघून माझा ऊर भरून येतो. माझं वय त्याआधीच निघून गेलं होतं. मी कबड्डीकडं वळले, जिल्ह्याकडून खेळले, गुडघा गेल्यावर घरी बसले, आणि त्या शेडमध्ये पुन्हा उभी राहिले. तिथं दारात मला कुणी अडवलं नाही. आता तिथं कबड्डीच्या मुलींची ताकदीची मेहनत मी घेते, ती या सगळ्याच्या जोरावर. परक्या बाईला असलं वाक्य लिहिताना तुम्ही क्षणभर थांबायला हवं होतं. समोरासमोर असता तर बोलला असता का?

‘परदेशी खूळ’ म्हणताय त्याबद्दल. आपले मुद्गल इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात इथूनच युरोपात नेले. पुढं १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धासुद्धा झाली. तिकडच्यांनी आपल्याकडून घेतलं तेव्हा त्यांची तब्येत बाटली नाही. आणि कोल्हापुरात बसून हे बोलताना खाशाबा जाधवांना तरी विसरू नका. आपल्या राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी १९४८ साली लंडनला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. मातीत तयार झालेला गडी तिथं गादीवर लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. तिथं त्यांना शिकवलं रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकानं. खाशाबांनी त्यांच्याकडून शिकताना आपली माती सोडली असं कुणी म्हणालं का? पुढं हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, आणि १९५२ ला बँटमवेट गटात कांस्यपदक आलं.

शेडमधल्या मेहनतीचा आराखडा बराचसा ताकदीच्या मेहनतीचे प्रशिक्षक लुई सिमन्स यांचा आहे. अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस शहरात त्यांची वेस्टसाइड बारबेल ही जिम होती. बोलावल्याशिवाय तिथं कुणाला घेत नसत. त्या पद्धतीत आठवड्यातले दोन दिवस जड वजनाचे आणि दोन दिवस वेगाचे. एकच भाग जड वजनानं राबवला की वेगाच्या दिवसापर्यंत ७२ तास जाऊ द्यायचे. बारबेलला, म्हणजे वजनं लावायच्या लांब दांड्याला, साखळ्या लावतात, त्यामागंही कारण आहे. दांडा खांद्यावर घेऊन खाली बसलात की साखळीच्या कड्या जमिनीवर टेकतात, वजन हलकं होतं. उठताना एकेक कडी उचलली जाते, वजन वाढत जातं, त्यामुळं वर येतानाही जोर सोडता येत नाही. मैदान जवळ आलं की वस्ताद पैलवानाची मेहनत कमी करतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी शिकते आणि शिकवते तेही हेच, की कधी किती करायचं आणि कधी थांबायचं. ‘ओकेपर्यंत पळवतात’ असं तुम्ही लिहिलंत. ज्याला ओकारी येते त्याला आम्ही तिथंच थांबवतो आणि त्या दिवशी पुन्हा उतरू देत नाही.

मूत्रपिंडाचं तुम्ही ज्या सुरात लिहिलंत, त्या सुरात उत्तर द्यायची माझी इच्छा नव्हती. पण दुसऱ्या कुणी वाचून घाबरू नये म्हणून लिहिते. त्या आजाराला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. सवय नसताना एकदम अति मेहनत झाली की स्नायू तुटतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. ऊन आणि कमी पाणी यांनी धोका वाढतो. लघवी काळ्या चहासारखी झाली, अंग असह्य दुखायला लागलं, सुजलं, तर तासभरही न थांबता दवाखाना गाठायचा. हे टायरनं होतं तसं बैठकांनीही होतं. दोन महिने घरी बसलेला पोरगा यात्रेच्या मैदानासाठी एकाच दिवशी हजार बैठका मारायला लागला तर त्यालाही होईल. म्हणून आमच्याकडं नवख्याला सुरुवातीला घड्याळ लावून मेहनत देतच नाहीत, वजनही वाढवू देत नाहीत. त्यावर तालमीला दोष देणारी मी कोण? तुम्हीही शेडला दोष देताना तेवढी चौकशी करायची होती.

बाकी चार टोमणे मारलेत, ‘फोटोपुरती ताकद’ वगैरे. त्यावर मला काही बोलायचं नाही.

एक विनंती मात्र आहे, आणि ती रागानं करत नाही. तो पोरगा किती दिवसांचा नवखा होता, कोणत्या महिन्यात, उन्हात की सावलीत मेहनत करत होता, किती दिवसांच्या खंडानंतर उतरला होता, एवढं कळवा. त्याचं किंवा त्या जागेचं नाव नको. उन्हाळी शिबिराची आखणी सुरू आहे. ही माहिती मिळाली तर आमच्या प्रशिक्षकांसमोर ठेवीन.